अमेरिकेतली २०२० ची निवडणूक खरंच 'चोरली' होती का?

माळरान

परवा एका स्नेह्यांशी वाद झाला. "२०२० ला ट्रम्प यांची निवडणूक चोरली, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," असं ते ठासून म्हणाले. कुठल्या राज्यात, किती मतं, असं विचारलं तर म्हणाले, "सगळीकडेच." मला खटकतं ते हेच. 'सगळीकडे' कोण आणि कसं तपासणार? एक राज्य, एक काउंटी (तिथला जिल्हा), एक आकडा सांगा, मग शहानिशा करता येते. आणि दावा आकड्यावर आला तिथं तो टिकला नाही, असंच मला वाचनात आढळलं.

जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी जिंकले. ट्रम्प म्हणाले, पाच हजारांच्या आसपास मेलेल्या माणसांच्या नावावर मतं पडली. राज्यानं छडा लावला, तेव्हा अशी चार मतं निघाली. तिथले तेव्हाचे निवडणूक प्रमुख ब्रॅड राफेन्सपर्गर स्वतः ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. अ‍ॅरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत तर राज्याच्या रिपब्लिकन सिनेटनंच 'सायबर निंजाज' या कंपनीला काम देऊन सुमारे २१ लाख मतपत्रिका पुन्हा मोजून घेतल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. बायडन यांची ९९ मतं वाढली होती, ट्रम्प यांची २६१ कमी झाली होती.

चोरी शोधायलाच बसलेल्यांना ती सापडली नाही. याहून कडक तपासणी कोणती?

ठिणगी

माळरान, तुम्ही फेरमोजणीवर फार भिस्त ठेवताय. बोगस मतपत्रिका एकदा पेटीत गेली की दहा वेळा मोजली तरी ती एक मत म्हणूनच मोजली जाणार. टपाली मतदानात सही असते लिफाफ्यावर. लिफाफा फोडून मतपत्रिका वेगळी केली की कुठली मतपत्रिका कुणाची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. फेरमोजणीत लिफाफे कुठं असतात?

आणि याद्यांचं काय? प्यू या संस्थेच्या २०१२ च्या अहवालात १८ लाखांवर मृत मतदार यादीत होते. साडेसत्तावीस लाखांच्या आसपास लोकांची नावं एकाहून जास्त राज्यांत. नॉर्थ कॅरोलायनात २०१८ साली टपाली मतांचा घोटाळा सिद्ध झाला आणि काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, एका जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. घोटाळा होतच नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

पायवाट

ठिणगी, लिफाफ्याचा मुद्दा बरोबर आहे. मी जॉर्जियात राहते आणि नोव्हेंबर २०२० ची हाताची मोजणी निरीक्षकांच्या जागेवरून पाहिली आहे. टेबलाशी दोघं बसतात. एक जण मतपत्रिका उचलून नाव वाचतो, दुसऱ्याकडे देतो, दुसरा स्वतः पाहून तेच नाव म्हणतो आणि मग ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यावर जाते. अशा सुमारे ५० लाख मतपत्रिका. काही काउंट्यांत मोजायच्या राहून गेलेल्या मतपत्रिका सापडल्या, त्यातून ट्रम्प यांचीच मतं थोडी वाढली. चूक निघाली ती सगळ्यांसमोर निघाली. पण हे सगळं मतपत्रिकेचं झालं, सहीचं नाही, हे मान्य.

मात्र लिफाफे फेकून दिलेले नसतात. कॉब काउंटीत राज्याच्या तपास यंत्रणेनं १५,११८ लिफाफ्यांवरच्या सह्या डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा तपासल्या. एकही बनावट मत निघालं नाही. दोन लिफाफे मतदाराकडून दुरुस्त करून घ्यायला हवे होते, इतकंच.

जुनी वही

यादीत मृताचं नाव असणं वेगळं आणि त्या नावावर मत पडणं वेगळं. माणूस गेल्यावर त्याचं बँक खातंही लगेच बंद होत नाही. म्हणून त्यातून कुणी पैसे काढले असं होत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण मी उलट बाजूनं वाचतो. तिथं फरक ९०५ मतांचा होता. ब्लेडन काउंटीत टपाली मतं देणाऱ्यांत नोंदणीकृत रिपब्लिकन १९ टक्के होते, पण त्या मतांतली ६१ टक्के रिपब्लिकन उमेदवाराला. आकडाच ओरडून सांगत होता. घरोघरी फिरून मतपत्रिका गोळा करणारी माणसं होती, त्यांना पैसे मिळाले होते, आणि सुनावणीत ती बोलली. एका मतदारसंघातली लबाडी इतक्या खुणा सोडते. मग सहा राज्यांतली, लाखो मतांची चोरी एवढी मूग गिळून कशी बसेल?

नेवाडातला एक प्रकार तर फार बोलका आहे. लास वेगासच्या एका गृहस्थांनी टीव्हीवर सांगितलं, माझ्या दिवंगत बायकोच्या नावानं कुणीतरी मत टाकलं. ते घोटाळ्याचं ठळक उदाहरण म्हणून देशभर फिरलं. पुढच्या वर्षी तपासात निघालं की मत त्यांनी स्वतःच टाकलं होतं. गुन्हा कबूल केला, दंड भरला.

ठिणगी

न्यायालयांचं कुणीच बोललं नाही. साठाहून जास्त खटले झाले, त्यातले कितीतरी 'तुम्हाला दाद मागायचा अधिकारच नाही' म्हणून पुरावा न ऐकताच फेटाळले. टेक्सस राज्यानं इतर चार राज्यांच्या निकालांविरुद्ध केलेला खटला सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबरला असाच बाजूला ठेवला. लोकांच्या मनातली शंका अशानं कशी जाणार?

माळरान

ती खंत रास्त आहे. पण सगळेच खटले तसे गेले नाहीत. नेवाडात न्यायाधीशांनी साक्षी-पुरावे पाहून निकाल दिला. पेनसिल्व्हेनियात तर ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी न्यायाधीशांसमोर स्वतःच सांगितलं की हा घोटाळ्याचा खटला नाही. बाहेर पत्रकारांपुढे घोटाळा आणि कोर्टात, जिथं खोटं बोलल्याची शिक्षा होते तिथं, नाही. ते अपील फेटाळणारे न्यायाधीश बिबास हे ट्रम्प यांनीच नेमलेले.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं सहा चुरशीच्या राज्यांतली संशयास्पद प्रकरणं एकेक करून मोजली. २ कोटी ५५ लाख मतांत ४७५ हूनही कमी. त्यांत दोन्ही बाजूंचे मतदार होते आणि बरीच मतं मोजणीपर्यंत पोचलीच नव्हती.

पायवाट

मला आणखी एक सांगायचंय, कारण हे माझ्या राज्यात घडलं. अटलांटाच्या मोजणी केंद्रातल्या चित्रणाचा एक तुकडा फिरला होता, टेबलाखालून 'सुटकेस' काढून मतं मोजल्याचा. ती मतपत्रिकांची नेहमीची खोकी होती. पूर्ण चित्रण पाहिलं की निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत ती भरून ठेवलेली दिसतात. तिथं काम करणाऱ्या मायलेकींना त्यापायी ठार मारण्याच्या धमक्या आल्या. आईला स्वतःचं घर सोडून राहावं लागलं. तो आरोप पसरवल्याबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं जुलियानींना त्यांची १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई लावली. पैशानं ती दोन-तीन वर्षं परत येत नाहीत हो.

ठिणगी

तो तुकडा मीही पुढे पाठवला होता. पूर्ण चित्रण कधी शोधलं नाही. आत्ता पाहिलं. ज्या ग्रुपवर टाकला होता, तिथं आज तसं लिहितो.

२०२० चा निकाल चोरीचा होता, हे मी यापुढे म्हणणार नाही. याद्या साफ ठेवा आणि टपाली मताला सहीऐवजी ओळखपत्राचा क्रमांक मागा, या मागण्या मात्र सोडत नाही.

पायवाट

जॉर्जियानं २०२१ च्या कायद्यात तो क्रमांक आणला. त्यानं काही भामटे अडले की वाहन परवाना नसलेली म्हातारी माणसं अडली, यावर वेगळा धागा काढा. मी येते.