ताम्हिणी अंधारात उतरायची का?
पुणे ते दिवेआगर सायकलच्या नाइट राइडमध्ये ताम्हिणी घाट अंधारातच उतरावा का, असं विचारलंय. माझं ठाम मत, उजाडल्यावरच. म्हणून रात्री दहाला नको, बारा-एकला निघा. पौड, मुळशी करत घाटमाथ्यावर पहाटेपर्यंत आरामात पोचाल. तिथे विंडचीटर चढवा आणि शेवटचा भिडू येईपर्यंत कुणीही पुढे सटकू नका. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की चाकाची रिम तापते. दाबा-सोडा, दाबा-सोडा करत उतरा. सगळ्यात मागे पंक्चर काढता येणारा, तुटलेली चेन जोडता येणारा माणूस हवाच हवा. घाट उतरलो म्हणून हुरळून जाऊ नका. माणगावनंतर म्हसळ्याच्या वाटेवर पुन्हा चढ लागतात, तेही कोकणातल्या दमट उन्हात. माणगावातच पोटभर पोहे खा, बाटल्या भरून घ्या.