पावसाळ्यात बेसची अ‍ॅक्शन वर आली: सॅडल की ट्रस रॉड?

परळचा_खर्ज
मंडळी, चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) बेस गिटार आहे. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), रोझवूड फ्रेटबोर्ड, ४५-१०५ जाडीच्या तारांचा सेट (इंचाचे हजारांश). मे महिन्यात सेटअप चोख होता. आता अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्टीपासून) तारेची उंची, वाढली आहे: बाराव्या फ्रेटवर ई ची, सर्वांत जाड तार साडेतीन मिलिमीटर वर आहे. सॅडल (बॉडीकडचा तारेचा टेकू) खाली केलं तर वरच्या फ्रेटवर खडखडाट. ड्रॉप डी मध्ये (ई ची तार डी पर्यंत उतरवली की) तर सूरच लागत नाही. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळीला) हात लावावा का?

जाड_तार
लावा, पण आधी सॅडल होतं तिथे न्या. दमट हवेत लाकूड फुगतं आणि नेक तारांच्या ओढीने पुढे वाकते. ते वाकणं सॅडलने जात नाही.

आधी मोजा. ट्यून करून बेस वाजवायच्या स्थितीत धरा, आडवा ठेवून नको. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), ई ची तार नेक-बॉडीच्या जोडापाशी दाबा आणि आठव्या फ्रेटवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवा. ०.३ मिमीच्या आसपास फट हवी. गेज मुंबईत नागदेवीला हत्यारांच्या दुकानांत मिळेल. फट जास्त असेल तर तारा जरा सैल करून ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने फिरवा, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. पुन्हा ट्यून करा, रात्रभर ठेवा, मग मोजा. नट अडला तर जोर लावू नका, सरळ कारागिराकडे न्या.

अ‍ॅलन की नेमक्या मापाचीच हवी. ३/१६ इंची नटात साडेचार मिमीची की घातली की कोपरे झिजलेच म्हणून समजा. नेक सरळ झाली की मगच सॅडल: बाराव्यावर ई अडीच, जी (सर्वांत बारीक तार) दोन मिमी.

परळचा_खर्ज
फट ०.६ निघाली! पण नट नेकच्या टाचेला, पिकगार्डखाली (बॉडीवरच्या संरक्षक पट्टीखाली) आहे.

जाड_तार
मग तारा पूर्ण सैल करा, नेकचे चारही स्क्रू काढा, अष्टमांश फेरा द्या, परत बसवा. वेळखाऊ आहे, पण इलाज तोच.

खालचा_डी
ड्रॉप डी चं दुखणं वेगळं आहे. ई ४१.२ हर्ट्झवरून ३६.७ वर आली की ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, तार जास्त झुलते आणि फ्रेटला आपटते. ११० ची तार लावा, त्यातला काही ताण परत येतो. नेकच्या टोकाच्या नटच्या (तारांच्या टेकूच्या, रॉडच्या नव्हे) खाचेत ती पूर्ण बसते का ते बघा. वर राहिली तर पहिला फ्रेट बेसूर होईल. शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं): बाराव्यावर दाबलेला सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

आणि हवा कोरडी झाली की पुन्हा मोजा. आता घट्ट केलेला रॉड तेव्हा नेकला मागे वाकवतो आणि खडखड पहिल्या चार फ्रेटवर येते. तेव्हा रॉड तितकाच सैल करायचा.