वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांच्या घरी बोलावे कसे?

प्रश्न (शिक्षिका, हडपसर)
मी चौथीच्या वर्गाला शिकवते. पटावर 40 मुले आहेत आणि महिन्याची सरासरी हजेरी 90 टक्क्यांच्या आसपास असल्याने कागदावर सारे ठीक दिसते. परंतु हजेरीपट मुलागणिक वाचला, तेव्हा तीच पाच-सहा मुले दर आठवड्याला एक-दोन दिवस येत नसल्याचे लक्षात आले. त्यांपैकी दोघी बहिणी धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी आळीपाळीने घरी राहतात. एका मुलाचे वडील बांधकामावर बिगारी आहेत आणि काम संपले की बिऱ्हाड हलते. पालकसभेला नेमके हेच पालक येऊ शकत नाहीत. बोलण्याची सुरुवात कशी करावी?

उत्तर 1 (निवृत्त मुख्याध्यापक, कोथरूड)
शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरावी असे म्हटले आहे, म्हणजे महिन्याला दोनच दिवस बुडाले तरी वर्षाकाठी दहावा हिस्सा जातो. पालकांना मात्र टक्केवारी सांगू नये. "या महिन्यात सहा दिवस चुकले आणि त्याच दिवसांत भागाकार शिकवून झाला," असे सांगितले तर नुकसान डोळ्यांसमोर उभे राहते. आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो: दोन दिवसांनी परतलेल्या मुलाला वर्गात उभे करून कारण विचारले, तर त्या लाजेपायी त्याचा तिसरा दिवसही बुडतो. कारण एकट्याला, मधल्या सुट्टीत विचारावे.

उत्तर 2 (पालक, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य, येरवडा)
बाई, मी चार घरी स्वयंपाक करते आणि सकाळी साडेसहाला घर सोडते. माझी मोठी मुलगी अशीच घरी राहत असे. तिच्या आधीच्या शाळेतून नाव कमी करण्याची ताकीद आली, त्याने मी घाबरले, पण धाकट्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न तसाच राहिला. पुढच्या वर्षीच्या बाई संध्याकाळी सातला घरी आल्या आणि त्यांनी फक्त एवढेच विचारले, "सकाळी घरात कोण असते?" धाकटा साडेतीन वर्षांचा होऊनही त्याचे नाव अंगणवाडीत घातलेले नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, अंगणवाडी सुटल्यानंतरच्या वेळेची सोय शेजारच्या आजींनी केली. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यांतील वस्तीतल्या एखादीला गृहभेटीला सोबत न्यावे, कारण शेजारणीपुढे आई मोकळेपणाने बोलते.

उत्तर 3 (कार्यकर्ती, बांधकाम मजुरांच्या मुलांसोबत काम करते)
बिगाऱ्याच्या मुलाबाबत वेळ दवडू नका. काम कधी संपणार आणि पुढचे कुठे लागणार, हे मुकादमाला साधारण ठाऊक असते. ते आधीच विचारून नव्या ठिकाणच्या शाळेला आपणच फोन करावा. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही कायद्यातील तरतूद पालकांना समजावून सांगा, कारण दाखल्याच्या भीतीने कित्येक मुले महिनोन्‌महिने घरीच बसतात.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
मनःपूर्वक आभार. त्या बहिणींच्या धाकट्या भावाचे वय मी आजवर विचारलेलेच नव्हते. गुरुवारी संध्याकाळी समितीतील एका ताईंना घेऊन त्यांच्या घरी जाते, आणि मुकादमाचा फोन नंबर उद्याच मिळवते.