पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पण स्वारगेटपर्यंत जायचं कसं?

कोथरूडकर:
ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. बाबा ७८ वर्षांचे. साताऱ्याला आत्याकडे जायला शून्य रुपये, पुण्यातलं स्वारगेट स्टँड गाठायला मात्र रिक्षा. कारण सिटी बसची पहिली पायरी. परवा चढायला गेले, एका हातात पिशवी, दुसरा दांड्याला, पाय उचलतायत तोवर मागून "आजोबा, आटपा!" मागे सरले, म्हणाले, "पुढची येऊ दे." पुढच्या तीन सोडल्या. सवलती पुरे झाल्या. आधी खाली टेकेल अशी पायरी द्या, थांब्यावर बाकडं द्या, वाटेत मुतारी द्या. बाबा बाहेर पडायचं असलं की सकाळचा चहासुद्धा घेत नाहीत.

रोजचा मेट्रोवाला:
कोथरूडात राहून मेट्रो विसरलात? वनाझला बसा, सिव्हिल कोर्टाला बदला, स्वारगेट. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मार्ग तिथवर गेलाय. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत. माझी आई बहात्तरची, एकटी मंडईत जाऊन भाजी आणते. उगाच रडगाणं.

कोथरूडकर:
मेट्रो झकासच. पण घर ते वनाझ? फुटपाथवर आधी विजेची डीपी, मग दुचाक्या, मग फुटपाथच संपतो. आणि सिव्हिल कोर्टाला वरच्या गाडीतून उतरून जमिनीखाली तीस मीटरपेक्षा खोल जायचं. एका लिफ्टपासून दुसरीपर्यंतची चाल आईंना विचारून बघा.

पर्वती पायथा:
दोघंही पायरीवरच अडलात. माझी आई चार घरची धुणीभांडी करते, बसमध्ये टणाटण चढते. तिला तिकीट जड जातं. सवलत पुरे म्हणायला कोथरूडात परवडतं हो. ती पानशेतच्या पुराच्या साली जन्मली, म्हणजे १९६१. आधारवर मात्र १ जानेवारी १९६७. त्यामुळे पासाच्या खिडकीवर ती ज्येष्ठ नागरिकच नाही. दुरुस्तीला कागद मागतात. पुराची आठवण पुरावा म्हणून कोण धरणार?

रोजचा मेट्रोवाला:
हे मात्र खरं, माझ्या डोक्यातच नव्हतं. पण कोथरूडकर, फुटपाथवरच्या त्या दुचाक्या कुणाच्या? जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा "पार्किंग गेलं" म्हणून कुरकुरणारे आपणच ना?

कोथरूडकर:
त्यातली एक माझी असते, शनिवारी. आणि सवलतीचं माझं वाक्य मागे घेतो, पर्वती. पण मुतारीबद्दल अजून कुणी एक अक्षर बोललेलं नाही.