मदत हवी आहे: बर्फासाठी रँग्लर सहारा की रुबिकॉन?

जीप रँग्लर घ्यायची आहे, पण तिच्या प्रकारांपैकी सहारा की रुबिकॉन हे ठरत नाहीये. रुबिकॉनचे पुढचे-मागचे डिफरेन्शियल लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे), ४:१ लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) आणि ३३ इंची टायर खडकांवर भारीच. पण माझं हिवाळ्यातलं ड्रायव्हिंग बहुतेक डांबरी रस्त्यावर, कुठे कोरडा तर कुठे गोठलेला. तिथे सहाराला मिळणारी ऑटो फोर-व्हील ड्राइव्ह (गरजेप्रमाणे आपोआप चारही चाकांना ताकद देणारी) जास्त कामाची वाटते.

खरी काळजी टायरची आहे. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेल्या टायरवर माझा भरवसा नाही. डोंगर-हिमकणाचं चिन्ह (बर्फावरची चाचणी पास झाल्याची खूण) असलेले ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर, ताज्या बर्फात चालतील, पण गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लावला तर? साधारण ७ अंशांखाली मऊ राहणारं रबर खास विंटर टायरचंच ना? मग वेगळा सेट घ्यावाच का? रुबिकॉनला अरुंद मापाचे विंटर टायर कोणी बसवलेत का? कृपया अनुभव सांगा.