मदत हवी आहे: मॉरिशस, सात दिवस, स्वतः गाडी चालवून. मुक्काम कुठे आणि क्रम कसा?

सागरवाट

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मॉरिशसला जायचे आहे. शनिवारी दुपारी पोहोचणार, पुढच्या शनिवारी रात्रीचे परतीचे विमान. आम्ही चौघे: नवरा-बायको आणि सासू-सासरे (६८ आणि ७१, चालतात, पण चढ नको). सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. बाकीचे सगळे खातात.

रिसॉर्टमध्ये पडून राहायचे नाही. जंगल, इतिहास आणि तिथले लोक रोज खातात ते जेवण, या तीन गोष्टींसाठी चाललो आहोत. सध्याचा बेत असा: माहेबूर १ रात्र, बेल मार १, ग्राँ बे २, फ्लिक आं फ्लाक २, ल मॉर्न १. म्हणजे बेटाला पूर्ण वळसा.

प्रश्न:
१. हा वळसा बरोबर आहे का?
२. गाडी भाड्याने घेताना काय पाहावे? परवाना कोणता?
३. शाकाहारी माणसाचे रस्त्यावरच्या खाण्यात भागेल का?

घाटवळण

वळसा मोडा. बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किमी आहे. कुठूनही कुठे दीड तासात पोहोचता येते, मग पाच हॉटेले कशाला? दर वेळी सामान बांधणे, अकराला खोली सोडणे, दुपारी तीनपर्यंत नवी खोली न मिळणे, यात रोजचा अर्धा दिवस जातो. दोनच मुक्काम करा: पहिल्या तीन रात्री माहेबूर, पुढच्या चार पश्चिमेला तामारँ किंवा ला गोलेट. सप्टेंबरात आग्नेयेचे वारे अजून जोरात असतात. बेल मारचा किनारा त्या वाऱ्याच्या थेट तोंडावर आहे, पश्चिम किनारा डोंगराच्या आडोशाला. उत्तरेत मुक्काम नको, एक फेरी पुरे.

क्रम वारांवरून लावा, नकाशावरून नाही.

रविवार: सकाळी फ्लाकचा बाजार, रविवारी तो पूर्ण भरतो. परतताना किनाऱ्याच्या रस्त्याने व्ह्यू ग्राँ पोर. डच पहिल्यांदा १५९८ मध्ये याच उपसागरात उतरले, फ्रेडरिक हेंड्रिक किल्ल्याचे अवशेष तिथे आहेत.

सोमवार: माहेबूरचा मोठा बाजार सोमवारचाच, म्हणून पहिला मुक्काम तिथे. त्याच दिवशी तिथले राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. ऑगस्ट १८१० च्या ग्राँ पोरच्या आरमारी लढाईत फ्रेंच जिंकले आणि दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी, फ्रेंच द्युपेरे आणि इंग्रज विलोबी, याच वाड्यात उपचारासाठी ठेवले होते. फ्रेंचांचा हा विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरला आहे. बेट मात्र त्याच वर्षअखेर इंग्रजांनी घेतले, उत्तरेला काप मालेरो भागात फौज उतरवून.

दुपारी इल ओ एग्रेत. २६ हेक्टरचे छोटे प्रवाळबेट आहे, पण मॉरिशसचे मूळचे किनारी जंगल कसे होते ते इथेच कळते: आबनूस, गुलाबी कबूतर, आणि नामशेष झालेल्या मूळ कासवांच्या जागी आणलेली आल्दाब्रा बेटावरची मोठी कासवे. मार्गदर्शकाशिवाय सोडत नाहीत. होडी पॉइंत जेरोमहून सुटते, जागा आधी राखून ठेवा.

मंगळवार: मुक्काम हलवण्याचा दिवस. आतला हमरस्ता न घेता दक्षिण किनाऱ्याने जा: सुयाक, ग्री ग्री, माकोंदचे वळण, बे द्यु काप. ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पाण्यात उतरू नका, वाळू कितीही शांत दिसली तरी.

बुधवार: डोंगराचा दिवस, आणि इथे दिशा महत्त्वाची. व्हाकोआकडून वर चढा: आधी ग्राँ बासँ (गंगा तलाव), मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा दरीदर्शनाचा कठडा आणि अलेक्झांड्रा धबधबा, जेवायला शामारेल, शेवटी केस नोयालकडे उतरा. उलट गेलात तर दरीवर पोहोचेपर्यंत दुपार होते आणि ढग खाली येतात. दरीचा कठडा आणि अलेक्झांड्रा धबधबा गाडीतून उतरून थोड्याच पावलांवर आहेत, सासू-सासऱ्यांना जमतील. शामारेलची सप्तरंगी माती आणि धबधबा एकाच तिकिटात होतात. पठारावर किनाऱ्यापेक्षा चांगलाच गारठा असतो, स्वेटर आणि छत्री गाडीत हवीच.

गुरुवार: तुम्ही दोघे सकाळी सातला ल मॉर्न (५५६ मी.) चढा, ज्येष्ठ खाली सार्वजनिक किनाऱ्यावर बसतील. अर्धी वाट रुंद आणि सोपी, नंतर हात टेकत खडक चढायचे. रात्री पाऊस झाला असेल तर तो भाग निसरडा होतो, तिथूनच परत फिरा. पळून आलेले गुलाम या डोंगरावर लपत, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला. दुपार विश्रांतीची.

शुक्रवार: पोर्ट लुईस. गाडी शहरात नेऊ नका. रोझ हिल किंवा कात्र बोर्नला ठेवून मेट्रोने जा, शेवटचे स्थानक बंदराजवळच आहे. आप्रवासी घाट सगळ्यात आधी. २ नोव्हेंबर १८३४ ला पोर्ट लुईसला उतरलेल्या गिरमिटियांची (करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची) आठवण इथे जपली आहे. शेजारच्या माहिती केंद्राला एक तास द्या, नाहीतर घाट म्हणजे नुसते दगड दिसतात. मग मध्यवर्ती बाजार. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची मूळ टपाल तिकिटे तासातून काही मिनिटेच उजेडात आणतात, आत शिरताना वेळ विचारा.

शनिवार: सामान गाडीत टाकून पाम्पलमूसची बाग आणि जवळचे साखर संग्रहालय, तिथून तासाभरात विमानतळ.

खारवी

गाडीबद्दल. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढा: अर्ज ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. सोबत मूळ परवानाही ठेवा.

चौघे आणि चार बॅगा म्हणजे सर्वांत लहान गाडी घेऊ नका. शामारेलच्या चढावर ती दम टाकते. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगावे लागते. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरवर. नाहीतर तळाशी पोहोचेपर्यंत ब्रेक तापून सैल होतात.

अनामत रक्कम बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच अडकवतात आणि कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. विम्यात तीन गोष्टी लेखी विचारा: अपघात झाल्यास आपल्या खिशातून किती, टायर आणि काच धरली आहे का, दुसऱ्या चालकाचे नाव घातले आहे का. टायरचा मुद्दा तिथे खरा आहे. उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद, कडेला उघडी दगडी गटारे, समोरून बस आली की माणूस डावीकडे सरकतो आणि चाक गटाराच्या काठावर घासते. सप्टेंबर म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम, उसाने भरलेल्या गाड्यांना घाईने ओलांडू नका. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दक्षिण किनाऱ्यावर दिवे कमी. अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचा. सुयाक ते ल मॉर्न पट्ट्यात पंप विरळ आहेत, टाकी आधी भरा. पेट्रोलचा दर बेटभर सारखाच, स्वस्त पंप शोधण्यात वेळ घालवू नका. काही शहरांत रस्त्याकडेला गाडी लावायला पार्किंग कूपन लागते, ते पंपावर मिळते.

निशिगंध

सासूबाईंची काळजी करू नका, दालपुरी आहे. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवून, वाटून भरलेली पातळ पोळी, गूळ नसलेली पुरणपोळीच म्हणा. जोडीने मिळते, आत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि कोथिंबिरीची चटणी. गाड्या सकाळी लागतात आणि दुपारपर्यंत संपतात, संध्याकाळवर ठेवू नका. गातो पिमां म्हणजे डाळवडे, गरम असतानाच खायचे. पोर्ट लुईसच्या बाजारात आलूदा प्या: दूध, सब्जा आणि अगर-अगरची जेली.

सावध राहायचे ते चिनी पदार्थांत. भाज्यांच्या मीन फ्रीतमध्येही (परतलेल्या नूडल्स) अंडे किंवा ऑयस्टर सॉस असतो, बोल राँव्हेर्सेवर (वाडगा उपडा करून वाढलेला भात) तर अंडे ठरलेलेच. मागवतानाच तिथल्या क्रिओल भाषेत सांगा: ‘सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ’, म्हणजे मांस, मासे, अंडे नको.

मांसाहारींसाठी: मासळीची व्हँदाय (मोहरी, हळद, व्हिनेगर) आणि खारवलेल्या माशाची रुगाय. ऑक्टोपसची आमटी प्रसिद्ध आहे, पण १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ऑक्टोपस पकडायला बंदी असते. त्या काळात कोणी ‘ताजा, इथलाच’ म्हणाले तर मागवू नका. ती बंदी पिल्ले वाढावीत म्हणून आहे.

सागरवाट

खूप आभार, पाच हॉटेले रद्द करते. दोन शंका. सासऱ्यांना तिथल्या मराठी वस्तीबद्दल कुतूहल आहे, वाटेत काही आहे का? आणि बुधवारी पाऊस लागला तर?

घाटवळण

कास्काव्हेल. तामारँहून उत्तरेला अगदी जवळ, जुने मराठी गाव. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज बरेचसे कोकणातून गेले. त्यांच्यातले झाकरी हे लोकनृत्य म्हणजे आपल्या कोकणातल्या जाखडीचीच लेक. बुधवारी व्हाकोआकडे जाताना अर्धा तास थांबा. गणेशचतुर्थी तुमच्या तारखांना लागून येते का ते पाहा: चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जनाच्या मिरवणुका किनाऱ्यांकडे निघतात. त्या दिवशी किनाऱ्याचे रस्ते तुंबतात, पण सासऱ्यांसाठी तोच दिवस सर्वांत मोलाचा.

पावसाचे म्हणाल तर बुधवार आणि गुरुवार अदलाबदल करा. पठारावर पाऊस असताना ल मॉर्नचा किनारा बऱ्याचदा कोरडा असतो. मंगळवारी रात्री हवामान पाहून ठरवा. शुक्रवार मात्र हलवू नका. पोर्ट लुईसची संग्रहालये आणि घाट रविवारी बंद असतात आणि शनिवार विमानाचा आहे.

खारवी

एक राहिले. भिंतीतले सॉकेट बहुधा इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, काही ठिकाणी युरोपसारखे दोन गोल पिनांचे. आपली मोठी तीन गोल पिनांची प्लग त्यात बसत नाही. अडॅप्टर इथूनच घेऊन जा, आणि गाडीसाठी फोनचा स्टँडही.