पेरू: १६ जणांचा गट, त्यात शाकाहारी आणि जैन. आखणी तपासून हवी आहे

भटकी_मंडळी
पुढच्या वर्षी मे अखेरीस पेरूला १६ जणांचा गट न्यायचा आहे. वयं ४५ ते ६८. सहा शाकाहारी, त्यातले दोघे जैन. कच्चा आराखडा: लिमा २ रात्री, विमानाने कुस्को ४, माचू पिचू १, पुनो २, परत लिमा. कुस्कोला उतरल्या दिवशीच शहर दाखवलं तर चालेल का? आणि जेवणासाठी महाराज सोबत न्यावा का?

उंचसखल
महिना उत्तम निवडलात. पाऊस संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि २४ जूनच्या इंती रायमीची (इंकांचा सूर्योत्सव) गर्दी सुरू व्हायची असते.

क्रम मात्र बदला. लिमा समुद्रकाठी, कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर. सव्वा तासाच्या विमानात शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. त्या रात्री डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे अनेकांना होतं. म्हणून कुस्को विमानतळावरून गाडी थेट उरुबांबाच्या खोऱ्यात उतरवा, साधारण दीड तास. तिथली उंची २,९०० मीटरच्या आत आहे. दोन रात्री तिथे काढा. पहिला दिवस पूर्ण मोकळा, दुसऱ्या दिवशी मोराईची गोल पायऱ्यांची शेती आणि मारासची मिठागरं. उतारावर एकाखाली एक हजारो पांढरे वाफे आहेत, वरच्या रस्त्यावरून सगळे एका नजरेत दिसतात. मग ओयांतायताम्बोहून रेल्वेने माचू पिचू (२,४३० मीटर), आणि कुस्को त्यानंतर.

पुनो ३,८०० मीटरच्या वर आहे आणि कुस्कोहून बसने जाताना ला राया खिंड ४,३३८ मीटरची. ६८ वर्षांच्या माणसाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर मी पुनो सरळ गाळेन. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) द्यायची असेल तर ती चढायच्या आदल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांची आधी चौकशी करा.

भटकी_मंडळी
हे पटलं. माचू पिचूची तिकिटं एजंटवर सोडावीत का?

उंचसखल
सोडा, पण सर्किट (आत फिरायचा आखून दिलेला मार्ग) तुम्ही ठरवा. तिकिटावर प्रवेशाची वेळ आणि सर्किट दोन्ही पक्की असतात, आत गेल्यावर बदलत नाहीत. सर्किट १ उंचावरून देखावा दाखवतं, पण खाली जुन्या वस्तीच्या अवशेषांत उतरवत नाही. देखावा आणि अवशेष दोन्ही हवेत तर सर्किट २. ते सर्वात आधी संपतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना ३. एका गाइडमागे जास्तीत जास्त १० माणसं, म्हणजे तुम्हाला दोन गाइड लागणार. मूळ पासपोर्ट प्रत्येकाच्या खिशात हवा, तिकिटावर त्याचाच नंबर असतो. स्वच्छतागृह फक्त फाटकाबाहेर आहे, हे सगळ्यांना बसमध्ये बसण्याआधी सांगा. मोठ्या बॅगा खोऱ्यातल्या हॉटेलातच ठेवा, रेल्वेत छोटीच पिशवी चालते.

वरणभात
महाराज नेलात तर कुकरही न्या. कुस्कोत पाणी साधारण ८८–८९ अंशांलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पण माझ्या मते महाराजाची गरज नाही. तांदूळ आणि मसूर तिथे सर्वत्र मिळतात.

खरी अडचण शब्दांची आहे. 'सिन कार्ने' (मांसाविना) म्हटलं की ते लाल मांस वगळतात, चिकन तसंच राहतं. हॉटेलला स्पॅनिशमध्ये लिहून द्या: मांस नको, चिकन नको, मासे नकोत, चिकनचा रस्सा नको. शेवटचं सर्वात महत्त्वाचं, कारण किन्वाचं (राजगिऱ्यासारखं धान्य) सूप दिसायला शाकाहारी असतं आणि बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यातच शिजवलेलं असतं. ताकू-ताकू म्हणजे भात-घेवड्याची परतलेली भाकरी. त्यात चरबी आहे का ते विचारा. कौसा लिमेन्या (पिवळी मिरची आणि लिंबू घातलेल्या बटाट्याचे थर) ॲव्होकॅडो भरून मागवा. चोक्लो कोन केसो, म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं कणीस आणि ताजं चीज, रस्त्याकडेला मिळतं आणि पोट भरतं.

जैन मंडळींचं जास्त अवघड. बटाटा मुळात अँडीजचाच, तो प्रत्येक ताटात येणार. कांदा, लसूण आणि मिरची परतून केलेला 'आदेरेसो' बहुतेक शिजवलेल्या पदार्थांचा पाया असतो, त्यामुळे 'वरून कांदा काढा' म्हणून काही साधत नाही. साधा भात, उकडलेला किन्वा, मका, ॲव्होकॅडो आणि फळं वेगळी मागा. खाकरे, मेतकूट, चटण्या इथून न्या. ताजी फळं-भाज्या नेऊ नका. बाकी खाद्यपदार्थ कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करा.

कागदपत्र
पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा उल्लेख कुणीच केला नाही. पेरूहून भारतात परतताना या लसीचं पिवळं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस घेऊन १० दिवस झाल्यावरच ते ग्राह्य धरतात, आणि ती अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते. साठीपुढच्यांना पहिल्या डोसचे गंभीर दुष्परिणाम व्हायचा धोका जास्त असतो. त्यामुळे त्यांची तपासणी पैसे भरण्याआधी करा. लस चालत नसेल तर परतीचा नियम विमानतळ आरोग्य कार्यालयात विचारून घ्या. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा लागतो.

आणि कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात खुशाल प्या, पण पानं किंवा टी-बॅग कुणी सामानात घालणार नाही एवढं बघा. भारतात ती बेकायदा आहेत.